गोल वस्तूची घनता कशी काढायची: व्यास मोजण्यापासून उत्तर तपासण्यापर्यंत

गोल वस्तूची घनता काढायला दोनच मापं लागतात: वस्तुमान आणि व्यास. पहिलं वजनकाटा देतो. दुसरं आपल्याला काढावं लागतं, आणि सगळी परीक्षा तिथेच असते. नवशिक्यांचा बराच वेळ सूत्र पाठ करण्यात जातो, पण सूत्र पाच मिनिटांत समजतं. व्यास मात्र नीट मोजला नाही, तर त्यातली चूक उत्तरात तिप्पट होऊन उतरते. म्हणून या लेखात व्यासाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

आधी एकक ठरवा

वस्तूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये किती ग्रॅम वस्तुमान आहे, हे घनता सांगते.

घनता = वस्तुमान ÷ आकारमान

लहान वस्तूंसाठी वस्तुमान ग्रॅममध्ये आणि लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. या एककांत पाण्याची घनता जवळजवळ बरोबर १ येते, कारण ग्रॅमची पहिली व्याख्याच एक घन सेंटिमीटर पाण्यावरून केली होती. त्यामुळे उत्तर १ पेक्षा कमी आलं तर वस्तू पाण्यात तरंगायला हवी, जास्त आलं तर बुडायला हवी. ही तपासणी फुकटात मिळते, ती सोडू नका. उत्तर किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये हवं असेल तर शेवटी १००० ने गुणा. काचेची २.५ ची घनता तेव्हा २५०० होते. गणिताच्या मध्येच एकक बदलायला जाऊ नका. बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

आकारमानाचं सूत्र

गोळा ज्यात अगदी चपखल बसेल अशा वृत्तचितीची कल्पना करा. तिची त्रिज्या गोळ्याइतकी आणि उंची गोळ्याच्या व्यासाइतकी. तिचं आकारमान म्हणजे तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, म्हणजेच २ × पाय (π, सुमारे ३.१४१६) × त्रिज्येचा घन. गोळा या वृत्तचितीचा बरोबर दोन-तृतीयांश भाग व्यापतो, हे आर्किमिडीजने सिद्ध केलं. दोनाचे दोन-तृतीयांश म्हणजे चार-तृतीयांश. शाळेत शिकलेलं सूत्र ते हेच:

आकारमान = (४ ÷ ३) × पाय × त्रिज्या × त्रिज्या × त्रिज्या

आपल्या शोधांपैकी हा शोध आर्किमिडीजला इतका प्रिय होता, की आपल्या समाधीवर गोळा आणि वृत्तचिती कोरावी अशी इच्छा त्याने सांगून ठेवली होती.

प्रत्यक्ष कामासाठी मात्र मला दुसरी मांडणी जास्त सोयीची वाटते. भास्कराचार्यांनी ११५० साली दिलेला नियम असा: गोलाच्या पृष्ठफळाला व्यासाने गुणा आणि ६ ने भागा. पृष्ठफळ म्हणजे पाय × व्यास × व्यास. म्हणून आकारमान झालं पाय × व्यासाचा घन ÷ ६. पाय भागिले ६ म्हणजे ०.५२३६. तेव्हा:

आकारमान = ०.५२३६ × व्यास × व्यास × व्यास

उपकरण आपल्याला व्यासच देतं, त्रिज्या कधीच देत नाही. व्यासाचं सूत्र वापरलं की निम्मं करायची पायरी जाते, आणि ती विसरण्याची शक्यताही जाते. चेंडूसारख्या वस्तूचा परीघ मोजला असेल, तर परिघाचा घन करून ५९.२२ ने भागा. थेट आकारमान मिळतं.

वस्तुमान

इथे फार सांगण्यासारखं नाही. काटा सपाट जागी ठेवा, रिकामा असताना शून्य दाखवतो का पाहा. गोळा घरंगळू नये म्हणून खाली एखादं छोटं झाकण ठेवा आणि काटा झाकणासकट शून्यावर आणा. वस्तू कोरडी आणि स्वच्छ हवी. काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल आणि गोळे लहान व सारखे असतील, तर दहा-वीस एकदम तोला आणि संख्येने भागा.

व्यास: इथे घाई नको

सगळ्यात चांगलं साधन म्हणजे व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत धरून मोजणारी सरकती पट्टी. साध्या व्हर्नियरचं लघुत्तम माप ०.०१ सेंटिमीटर असतं. मायक्रोमीटर स्क्रू गेज त्याच्या दहापट बारीक मोजतं, पण त्यात सहसा अडीच सेंटिमीटरपर्यंतचीच वस्तू बसते.

मोजण्याआधी जबडे पूर्ण मिटा आणि वाचन बघा. शून्याऐवजी ०.०२ दिसलं, तर ही शून्य त्रुटी प्रत्येक वाचनातून वजा करायची. वाचन शून्याच्या मागे असेल तर तेवढं मिळवायचं. हे टाळून पुढे शंभर वाचनं घेतली तरी ती सगळी सारखीच चुकलेली असतात आणि सरासरीने ती चूक जात नाही.

आता गोळा जबड्यांमध्ये धरा. व्हर्नियरच्या जबड्यांची टोकं पातळ असतात. गोळा त्या टोकांत थोडा वर किंवा खाली बसला, तर मोजली जाते ती जीवा, व्यास नाही, आणि जीवा नेहमी व्यासापेक्षा लहान असते. म्हणून जबड्यांचा रुंद, सपाट भाग वापरा, गोळा हलकेच सरकवा आणि मिळणारं सगळ्यात मोठं वाचन घ्या. दाब इतकाच असावा की गोळा पडणार नाही पण फिरवला तर फिरेल. रबराच्या चेंडूवर जबडे आवळले तर चेंडू दबतो आणि व्यास कमी येतो. अशा मऊ वस्तूंसाठी हे साधन नाहीच.

एकदा मोजून थांबू नका. गोळा फिरवून निदान तीन, परस्परांना काटकोनात असलेल्या दिशांनी मोजा. तिन्ही वाचनं जवळपास सारखी आली, तर सरासरी घ्या. एका दिशेने व्यास ठळकपणे कमी असेल, तर वस्तू गोल नाही, चपटी आहे. तेव्हा सरासरीचा घन न करता तीन वेगवेगळे व्यास एकमेकांशी गुणा आणि ०.५२३६ ने गुणा. हे लंबगोलाभाचं आकारमान आहे, आणि नैसर्गिक खडे किंवा फळांसाठी ते बरंच जवळचं उत्तर देतं.

कॅलिपर नसेल तरी अडत नाही. पट्टीच्या कडेला गोळा ठेवा, कंपासपेटीतल्या दोन गुण्या दोन्ही बाजूंनी पट्टीवर काटकोनात उभ्या टेकवा आणि दोन्ही कडांमधलं अंतर वाचा. पट्टी नुसती गोळ्यासमोर धरून डोळ्यांनी अंदाज घेऊ नका. डोळा जरा सरकला की वाचन बदलतं.

एकसारखे गोळे हाताशी असतील, उदाहरणार्थ बेअरिंगचे छर्रे, तर याहून सुरेख युक्ती आहे. दोन पट्ट्या समांतर ठेवून मधल्या खाचेत दहा छर्रे एकमेकांना चिकटून लावा. पूर्ण रांगेची लांबी मोजा आणि दहाने भागा. पट्टीच्या वाचनात एक मिलिमीटर चूक झाली, तरी एका छर्ऱ्याच्या वाट्याला तिचा दहावा भागच येतो. साध्या पट्टीतून व्हर्नियरच्या तोडीचं माप मिळतं.

मोठ्या चेंडूसाठी परीघ मोजा. दोरा ताणला जातो आणि त्याच्या जाडीमुळे परीघ थोडा जास्त येतो, म्हणून कागदाची अरुंद पट्टी बरी. ती चेंडूभोवती सर्वांत रुंद भागावर गुंडाळा, टोकं एकावर एक येतात तिथे टाचणीने दोन्ही थरांतून भोक पाडा, पट्टी उलगडा आणि दोन भोकांमधलं अंतर मोजा. इथेही जिथे परीघ सर्वांत मोठा येतो तेच वाचन खरं.

व्यासाचं महत्त्व किती, याचं एक उदाहरण सांगण्याजोगं आहे. किलोग्रॅमची नवी व्याख्या २० मे २०१९ पासून लागू झाली. तिच्या तयारीत शास्त्रज्ञांनी जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ चे सुमारे एक किलोग्रॅमचे गोळे बनवले आणि त्यांतले अणू मोजले. गोलच आकार निवडला, कारण त्याला तुटायला कडा नसतात आणि व्यास कळला की आकारमान कळतं. त्या गोळ्यांचा व्यास सुमारे ९३.७ मिलिमीटर. तो लेझरच्या साहाय्याने अनेक दिशांनी मोजला गेला. वरच्या सूत्रात ९.३७ सेंटिमीटर घालून पाहा: आकारमान सुमारे ४३०.७ घन सेंटिमीटर, घनता २.३२. आपण टेबलावर करतो तीच रीत, फक्त काळजी कितीतरी पटींनी जास्त.

प्रत्यक्ष गणित

एक काचेची गोटी घेऊ. वस्तुमान ५.३८ ग्रॅम. शून्य त्रुटी वजा केल्यावर तीन दिशांचे व्यास १.५९, १.६१ आणि १.६० सेंटिमीटर. सरासरी १.६०.

१.६० × १.६० × १.६० = ४.०९६
आकारमान = ०.५२३६ × ४.०९६ = २.१४५ घन सेंटिमीटर
घनता = ५.३८ ÷ २.१४५ = २.५१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर

नेहमीच्या काचेची घनता २.५ च्या आसपास असते, तेव्हा उत्तर पटतं.

दुसरं उदाहरण क्रिकेटच्या चेंडूचं. पुरुषांच्या क्रिकेटमधल्या नव्या चेंडूचा परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर आणि वस्तुमान १५५.९ ते १६३ ग्रॅम असावं, असा नियम आहे. परीघ २२.६ आणि वस्तुमान १६० धरू. २२.६ चा घन सुमारे ११,५४३. त्याला ५९.२२ ने भागलं की आकारमान १९४.९ घन सेंटिमीटर. घनता ०.८२. नियमातली दोन्ही टोकं घेतली, तरी घनता ०.७७ ते ०.८६ याच पट्ट्यात राहते. म्हणजे हातात इतका जड लागणारा चेंडू पाण्यात टाकला तर तरंगतो. हाताला जाणवतं ते वजन, घनता नव्हे.

उत्तर विचित्र आलं तर

चुकलेलं उत्तर खोडून टाकण्याआधी त्याच्याकडे नीट बघा. कुठे चुकलं ते बहुतेक वेळा तो आकडाच सांगतो. वरचीच गोटी घेऊ.

उत्तर ०.३१ आलं, म्हणजे खऱ्याच्या आठव्या हिश्शाइतकं, तर त्रिज्येच्या जागी व्यास घातला आहे. दोनाचा घन आठ, म्हणून आठपट फरक. काचेची गोटी तरंगेल असं हे उत्तर सांगतं, आणि तिथेच शंका यायला हवी.

उत्तर ०.००२५ आलं, तर व्यास मिलिमीटरमध्येच राहिला. एका सेंटिमीटरमध्ये दहा मिलिमीटर, पण एका घन सेंटिमीटरमध्ये हजार घन मिलिमीटर.

उत्तर ४२ आलं, तर कॅल्क्युलेटरवर कंस राहिला. ५.३८ ÷ ०.५२३६ × १.६ × १.६ × १.६ असं सलग दाबलं की यंत्र फक्त ०.५२३६ ने भागतं आणि पुढचं सगळं गुणतं. निसर्गात सापडणाऱ्या मूलद्रव्यांत सर्वांत घन असलेल्या ऑस्मियमची घनता २२.६ आहे. त्याच्यापुढचं कुठलंही उत्तर टेबलावरच्या वस्तूचं असूच शकत नाही. आकारमान आधी वेगळं काढून कागदावर लिहा, मग भागा.

उत्तर ४.०१ आलं, तर घनाऐवजी वर्ग केला आहे. ही चूक सर्वांत फसवी, कारण ४ हा आकडा अशक्य वाटत नाही. आणि गणित संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये केलं असताना ३.३४ आलं, तर काही भाषांमध्ये ४ ÷ ३ चं उत्तर पूर्णांकात १ धरलं जातं, ते तपासा.

पडताळ्यासाठी काही आकडे जवळ ठेवा, सगळे ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये: बर्फ ०.९२, काच २.५, ॲल्युमिनियम २.७, पोलाद ७.८, पितळ साधारण ८.५, तांबं ८.९६, शिसं ११.३, सोनं १९.३.

उत्तरावर किती विश्वास ठेवायचा

व्यासाचा घन होतो, म्हणून व्यासात १ टक्का चूक असेल तर आकारमानात सुमारे ३ टक्के चूक येते. वस्तुमानातली १ टक्का चूक मात्र १ टक्काच राहते. गोटीचा व्यास १.६० आहे आणि तो ०.०१ ने इकडेतिकडे असू शकतो, म्हणजे ०.६ टक्के. आकारमानात ती अनिश्चितता १.९ टक्के होते. वस्तुमानाची ०.०१ ग्रॅमची अनिश्चितता ०.२ टक्के. दोन्ही मिळून २.१ टक्के. २.५१ चे २.१ टक्के म्हणजे ०.०५. म्हणून उत्तर लिहायचं ते असं: २.५१, अधिक-उणे ०.०५.

कॅल्क्युलेटरवर दिसणारे २.५०८५६ हे सगळे अंक वहीत उतरवू नका. तिसऱ्या अंकापुढचं काहीही आपण मोजलेलं नाही. आणि या छोट्या हिशेबाचा खरा उपयोग पुढे होतो. काच २.५ आणि ॲल्युमिनियम २.७ यांत ८ टक्क्यांचा फरक आहे. आपली अनिश्चितता २ टक्के, म्हणून या मापावरून दोन्हींत भेद करता येतो. पोलाद आणि पितळ यांत फरक सुमारे ९ टक्के. व्यासात ३ टक्क्यांची चूक झाली, तर तो सगळा फरक तिनेच गिळला.

काटा आणखी बारीक घेऊन फारसा फायदा नाही, हेही इथेच दिसतं. पैसे किंवा वेळ खर्च करायचाच असेल, तर तो व्यासावर करा.

पाण्याने पडताळा

वस्तू भिजली तर चालत असेल, तर आकारमान दुसऱ्या वाटेनेही काढा. मोजपात्रात पाणी घेऊन वस्तू आत सोडणं ही ओळखीची रीत. पण एक मिलिलिटरच्या खुणा असलेल्या पात्रात २ मिलिलिटरची गोटी मोजणं म्हणजे नुसता अंदाज. दहा गोट्या एकदम सोडा. पाण्याची वक्र पातळी तिच्या सर्वांत खालच्या बिंदूशी, डोळा समपातळीवर ठेवून वाचा.

याहून अचूक रीत वजनकाट्यावरच होते, आणि ती सगळ्यांनी एकदा तरी करून पाहावी असं मला मनापासून वाटतं. पेल्यात पाणी घेऊन काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. गोटी बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा आता २.१४ च्या आसपास दाखवेल. गोटीचं वजन दोऱ्याने पेललं आहे, मग काट्यावर काय आलं? पाणी गोटीला वर ढकलतं तितक्याच बलाने गोटी पाण्याला खाली ढकलते. हे प्लावक बल गोटीने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं असतं. म्हणून काट्यावरचे ग्रॅम म्हणजेच गोटीचे घन सेंटिमीटर. पाणी २५ अंश सेल्सियसचं असेल तर वाचनाला ०.९९७ ने भागा. नाही भागलं तरी फरक ०.३ टक्केच पडेल. गोटीला चिकटलेले हवेचे बुडबुडे मात्र आधी हलवून घालवा. तरंगणारा चेंडू असेल, तर त्याला बारीक सुईने खाली दाबून धरा. वाचनाचा अर्थ तोच राहतो.

व्यासावरून काढलेलं आकारमान आणि हे आकारमान दोन-तीन टक्क्यांत जुळलं, तर तुमचं काम चोख झालं.

गोळा आतून पोकळ असेल तर

आतापर्यंतची रीत सरासरी घनता देते. टेबल टेनिसच्या चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर आणि वस्तुमान २.७ ग्रॅम. घनता येते ०.०८. हे उत्तर बरोबर आहे, पण ते प्लॅस्टिक आणि आतली हवा मिळून बनलेल्या चेंडूचं, नुसत्या प्लॅस्टिकचं नाही. पदार्थाची घनता हवी असेल तर बाहेरच्या व्यासाच्या घनातून आतल्या व्यासाचा घन वजा करून मग ०.५२३६ ने गुणावं लागतं. आधी दोन व्यासांची वजाबाकी करून मग घन केलात तर उत्तर पार चुकेल.

उलटंही करता येतं. पोलादाचा ५ सेंटिमीटर व्यासाचा गोळा फक्त १०० ग्रॅमचा भरला. बाहेरचं आकारमान ६५.४५, सरासरी घनता १.५३, म्हणजे आत पोकळी नक्की. १०० ग्रॅम पोलादाला ७.८ च्या घनतेने १२.८२ घन सेंटिमीटरच जागा लागते. उरलेली ५२.६३ ही पोकळी. तिला ०.५२३६ ने भागून घनमूळ काढलं की आतला व्यास ४.६५ येतो. दोन्ही व्यासांतला फरक ०.३५, त्याचं निम्मं ०.१७५. गोळा न कापता कळलं की पत्रा पावणेदोन मिलिमीटर जाड आहे, पोकळी मधोमध आहे असं धरून.

हीच रीत ग्रहांना

पृथ्वीचं वस्तुमान ५.९७२ × १० चा २४ वा घात किलोग्रॅम आणि सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. इथे त्रिज्या दिलेली असते, म्हणून ४ ÷ ३ वालं सूत्र घ्या आणि किलोमीटरचे आधी मीटर करा. आकारमान १.०८३ × १० चा २१ वा घात घनमीटर, घनता सुमारे ५,५१० किलोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे ५.५१. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांमधलं गुरुत्वाकर्षण मोजून पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट असल्याचं प्रसिद्ध केलं होतं. खंडांवरच्या खडकांची घनता साधारण २.७. सरासरी त्याच्या दुप्पट असेल, तर पृथ्वीच्या पोटात बरंच जास्त घनतेचं काहीतरी असलंच पाहिजे, हा निष्कर्ष एका भागाकारातून निघतो. शनीची सरासरी घनता तर ०.६९, पाण्याहून कमी.

सरावासाठी चंद्र घ्या. वस्तुमान ७.३५ × १० चा २२ वा घात किलोग्रॅम, त्रिज्या १,७३७ किलोमीटर. उत्तर ३.३५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या जवळ यायला हवं. ०.४२ आलं, तर त्रिज्येच्या जागी व्यास गेला आहे.